ग्रेव्हज आणि कार्बिमाझोल : मात्रा कमी करत नेतानाचा काळ

कातरवेळ

नमस्कार. थायरॉईडची अतिक्रियाशीलता कशी ओळखावी आणि तिच्यावरचे उपचार कसे सुरू होतात, याबद्दल मराठीत बऱ्यापैकी लेखन आहे. गोळ्या लागू पडल्यानंतर त्यांची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत नेण्याचा जो दीर्घ काळ असतो, त्याविषयी मात्र सलग काही वाचायला मिळाले नाही. आणि रुग्णाच्या मनात सर्वाधिक प्रश्न याच काळात उभे राहतात, असे मला वाटते. म्हणून हा धागा काढत आहे.

मला ग्रेव्हज या, थायरॉईडला अतिक्रियाशील करणाऱ्या, आजाराचे निदान झाले आहे. वजन उतरणे, स्वस्थ बसले असतानाही नाडी शंभराच्या पुढे असणे, हातांना कंप, उष्णता सहन न होणे आणि जिना चढताना मांड्यांतील बळ गेल्यासारखे वाटणे, अशी लक्षणे होती. टीएसएच रिसेप्टरविरोधी अँटिबॉडीची, म्हणजे ग्रंथीला चेतवणाऱ्या प्रतिपिंडांची, चाचणी स्पष्टपणे पॉझिटिव्ह आली. थायरॉईडला आवर घालणारे कार्बिमाझोल ३० मिलिग्रॅम आणि सोबत धडधड कमी करणारे प्रोप्रानोलॉल असे उपचार सुरू झाले. फ्री टी४ आणि फ्री टी३ ही रक्तातील थायरॉईड संप्रेरके मर्यादेत आल्यावर डॉक्टरांनी कार्बिमाझोल आधी २० वर आणि आता १० मिलिग्रॅमवर आणले आहे.

रिपोर्टमध्ये टीएसएच अजूनही ०.०१ पेक्षा कमीच दाखवतात. असे असताना मात्रा उतरवणे घाईचे तर होत नाही ना, ही माझी पहिली शंका आहे. दुसरी शंका अशी की, मात्रा उतरवल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच धडधड जाणवू लागली आणि झोप तुटू लागली. आजार पुन्हा उसळला असे समजावे का? आणि शेवटी गोळी पूर्णपणे बंद करण्याचा निर्णय कशाच्या आधारे घेतला जातो? डॉक्टरांशी बोलणे चालूच आहे, परंतु भेटीचा वेळ थोडा असतो. त्या वेळेत नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी जाणकारांनी आणि अनुभवींनी लिहावे, ही विनंती.

दूरचा_दिवा

कातरवेळ, धागा काढल्याबद्दल आपले आभार. मी डॉक्टर नाही, परंतु घरातील एका व्यक्तीच्या ग्रेव्हजच्या उपचारांत बरीच वर्षे सोबत आहे आणि त्या निमित्ताने या विषयाचे वाचन सातत्याने होत आले आहे. आपल्या शंकांना क्रमाने उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो. निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांचा असेल.

टीएसएच हे संप्रेरक थायरॉईड तयार करत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते. रक्तातील थायरॉईड संप्रेरके बराच काळ वाढलेली राहिली की पिट्युटरीचे हे काम जवळजवळ थांबते, आणि पुढे संप्रेरके मर्यादेत आली तरी ते पुन्हा सुरू व्हायला कित्येक आठवडे, काही रुग्णांत तर कित्येक महिने लागतात. म्हणून उपचारांच्या पहिल्या काही महिन्यांत मात्रा ठरवताना फ्री टी४ आणि फ्री टी३ यांच्याकडे पाहिले जाते. टीएसएच वर येईपर्यंत ३० मिलिग्रॅम तसेच चालू ठेवले असते, तर तोवर आपण उलट्या बाजूला, म्हणजे संप्रेरकांच्या कमतरतेत, जाण्याची शक्यता मोठी होती. ती स्थितीही निरुपद्रवी नाही. थकवा, स्नायूंत गोळे येणे, झपाट्याने वजन वाढणे, गळ्याची गाठ (सुजलेली थायरॉईड ग्रंथी) मोठी होणे हे तर होतेच. शिवाय ग्रेव्हजचा डोळ्यांवर परिणाम झालेला असल्यास कमतरतेच्या काळात तो त्रास वाढू शकतो. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी टीएसएचसाठी न थांबता मात्रा उतरवली, यात मला घाई दिसत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. पुष्कळ वेळा केवळ टीएसएच आणि फ्री टी४ एवढ्याच चाचण्या होतात. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी टी४ च्या तुलनेत टी३ अधिक प्रमाणात सोडते, त्यामुळे फ्री टी४ मर्यादेत, क्वचित मर्यादेच्या खालीही, आणि फ्री टी३ अजून वर, अशी स्थिती असू शकते. मात्रा उतरवण्याआधी फ्री टी३ पाहिलेले आहे ना, हे अवश्य विचारावे.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर औषधाच्या कार्यपद्धतीत आहे. कार्बिमाझोलचे शरीरात मेथिमाझोल होते आणि ते थायरॉईड पेरॉक्सिडेज या विकराला अडवते. त्यामुळे नवीन संप्रेरक तयार होण्याचे प्रमाण घटते. ग्रंथीत आधीच साठवलेले आणि रक्तात फिरत असलेले संप्रेरक मात्र तसेच राहते. टी४ चे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. म्हणूनच उपचार सुरू केल्यावर गुण यायला काही आठवडे लागले होते, आणि म्हणूनच मात्रा उतरवल्याचा परिणामही दोन-तीन दिवसांत रक्तात उमटत नाही. तिसऱ्या दिवशीच्या धडधडीचे कारण बहुधा दुसरे असते. अपुरी झोप, ताप किंवा सर्दी, चहा-कॉफीचे वाढलेले प्रमाण, रक्तक्षय, किंवा ‘आता आजार उलटणार’ ही धास्ती, यांपैकी काहीही असू शकते. आपले प्रोप्रानोलॉलही त्याच सुमारास कमी केले गेले होते का? तसे असेल, तर कारण तेथेच सापडण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

या साऱ्याचा अर्थ लक्षणांकडे दुर्लक्ष करावे, असा नाही. लक्षणांची नोंद ठेवावी, परंतु गोळीची मात्रा लक्षणांवरून स्वतः वरखाली करू नये; ती रिपोर्टवरून ठरावी, आणि तो रिपोर्ट प्रत्येक बदलानंतर ४ ते ६ आठवड्यांनी काढलेला असावा. अतिक्रियाशील थायरॉईडची आणि चिंतेची लक्षणे इतकी सारखी असतात की, ज्याला तो त्रास होत असतो त्यालासुद्धा केवळ जाणिवेवरून त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. त्याचप्रमाणे रुग्णाला अगदी उत्तम वाटत असताना फ्री टी३ हळूहळू वर सरकत असते, असेही घडते. आमच्या घरी या दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत.

गोळी बंद करण्याविषयी पुढच्या प्रतिसादात लिहितो.

पाणकावळा

दूरचा_दिवा यांच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. बंद करण्याच्या टप्प्याविषयी माझा अनुभव मांडतो, कारण मी त्या टप्प्यातून गेलो आहे आणि आजार परत आलेल्यांपैकी आहे.

ठरलेला कालावधी पूर्ण झाला, टीएसएचही मर्यादेत आला, तेव्हा माझी ५ मिलिग्रॅमची शेवटची गोळी बंद करण्यात आली. बंद करण्यापूर्वी अँटिबॉडीची चाचणी झाली नव्हती. पुढचे काही महिने अतिशय चांगले गेले. नंतर पहाटे लवकर जाग येऊ लागली, आणि खाली बसून उठताना हाताचा आधार घ्यावा लागू लागला. धडधड बरीच उशिरा आली. हे मुद्दाम लिहितो, कारण परतीच्या वेळी लक्षणांचा क्रम पहिल्या वेळेसारखाच असेल असे धरून चालता येत नाही. चाचणीत टीएसएच पुन्हा दबलेला निघाला आणि अँटिबॉडीचे प्रमाणही जास्त होते.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकतज्ज्ञाकडे) उपचार घेतले. ग्रंथीच्या पेशी नष्ट करणारे किरणोत्सारी आयोडीन, शस्त्रक्रिया आणि कमी मात्रेत दीर्घकाळ औषध, हे तिन्ही मार्ग त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. मी तिसरा निवडला. आता अगदी थोड्या मात्रेवर स्थिर आहे आणि या गोळीशी माझे काहीही वैर नाही. ‘गोळी सुटली म्हणजेच बरे झालो’ ही कल्पना मी सोडून दिली आहे, आणि त्यामुळे जगणे पुष्कळ सोपे झाले आहे.

दूरचा_दिवा

पाणकावळा, आपण हे लिहिलेत, फार बरे झाले. त्याला जोडूनच पुढे लिहितो.

ग्रेव्हजमध्ये औषधाचा प्रचलित कालावधी १२ ते १८ महिन्यांचा आहे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनची २०१६ ची आणि युरोपियन थायरॉईड असोसिएशनची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे या कालावधीबाबत आणि औषध थांबवण्यापूर्वी टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी मोजण्याबाबत एकाच दिशेने बोलतात. टीएसएच मर्यादेत आलेला असावा, मात्रा अगदी कमी असताना तो तसाच टिकलेला असावा आणि अँटिबॉडी निगेटिव्ह झालेली असावी. या तीन गोष्टी जुळल्या तर बंद करून पाहण्यास आधार मिळतो. अँटिबॉडीचे प्रमाण अजून जास्त असेल, तर आणखी १२ महिने औषध चालू ठेवून ती पुन्हा मोजणे, किंवा किरणोत्सारी आयोडीन अथवा शस्त्रक्रिया यांचा विचार करणे, असे पर्याय असतात. दीर्घकाळ कमी मात्रेवर राहणे हाही आता मान्य झालेला मार्ग आहे. त्यात कोणाला अपयश वाटू नये.

सर्व काळजी घेऊनही, बंद केल्यानंतर सुमारे निम्म्या रुग्णांत आजार परत येतो. गळ्याची गाठ मोठी असणे, सुरुवातीची संप्रेरक पातळी फार वर असणे, वय कमी असणे, धूम्रपान, आणि बंद करतेवेळी अँटिबॉडी शिल्लक असणे, यांमुळे ती शक्यता वाढते. यांपैकी धूम्रपान हीच एक बाब पूर्णपणे रुग्णाच्या हाती आहे आणि ग्रेव्हजमधील डोळ्यांच्या त्रासाशीही तिचा निकटचा संबंध आहे. जे धूम्रपान करतात, त्यांना मी कळकळीने सांगेन की, कोणतेही पूरक घेण्याआधी ही एक गोष्ट सोडावी.

परतण्याचे प्रमाण पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. त्यामुळे बंद केल्यानंतर ४ ते ६ आठवड्यांनी, मग पहिले वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी, आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी हा क्रम सोडू नये. गोळी थांबते, पण चाचण्या थांबत नाहीत. कित्येकांना उलट दिशेने, पुष्कळ वर्षांनी, थायरॉईडची कमतरता येते. तीही या वार्षिक तपासणीतच लक्षात येते.

शेवंती

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझे निदान ग्रेव्हज नसून थायरॉईडमधील एकाच गाठीमुळे होणारी अतिक्रियाशीलता, असे आहे. अँटिबॉडी निगेटिव्ह आहे. मीही कार्बिमाझोलवर आहे आणि पातळी छान आली आहे. मलाही असेच हळूहळू कमी करत बंद करता येईल का?

दूरचा_दिवा

शेवंती, आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण गोळी कमी करण्याची ही सगळी चर्चा मुळात निदानावर अवलंबून आहे. ग्रेव्हजमध्ये ग्रंथीला चेतवणाऱ्या अँटिबॉडी काही काळाने शांत होऊ शकतात, म्हणून तेथे औषध थांबवून पाहण्यास अर्थ असतो. गाठ स्वयंचलितपणे संप्रेरक तयार करत असेल, तर औषध तिला केवळ दाबून ठेवते आणि औषध थांबले की ती पुन्हा पूर्ववत काम करू लागते. त्यामुळे अशा स्थितीत किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हा कायमचा उपाय सुचवला जातो. ते शक्य नसेल तर कमी मात्रेत औषध दीर्घकाळ घेतले जाते. अनेक गाठी असलेल्या थायरॉईडलाही हेच लागू होते.

याच्या अगदी उलट प्रकार थायरॉइडायटिसचा आहे. प्रसूतीनंतर किंवा विषाणुसंसर्गानंतर ग्रंथीला सूज येऊन साठवलेले संप्रेरक बाहेर सांडते. तेथे नवीन निर्मिती वाढलेलीच नसते, म्हणून कार्बिमाझोलचा उपयोग होत नाही. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉलसारखे बीटा ब्लॉकर देतात आणि तो टप्पा बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. म्हणून ‘माझी गोळी इतक्या लवकर सुटली, तुमची का सुटत नाही’ अशी तुलना करण्यापूर्वी दोघांचे निदान एकच आहे का, ते पाहावे.

कातरवेळ

दूरचा_दिवा, आपला अंदाज बरोबर निघाला. कार्बिमाझोल १० वर आले त्याच आठवड्यात प्रोप्रानोलॉलही कमी झाले होते. ही गोष्ट मी गृहीत धरलीच नव्हती, कारण मनात सगळे लक्ष थायरॉईडच्या गोळीकडे होते. पुढच्या भेटीत दोन बदल वेगवेगळ्या वेळी करता येतील का, हे विचारेन.

नोंद कशी ठेवावी, हेही कोणी सांगावे. मी दिवसातून अनेकदा नाडी मोजते आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा आला की अस्वस्थ होते.

पाणकावळा

कातरवेळ, दिवसभर मोजत राहिल्याने माहितीपेक्षा काळजीच वाढते. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, एकदाच पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वजन लिहावे. त्यापुढे झोप, कंप आणि जिना चढतानाची ताकद यांविषयी एखादे वाक्य पुरेसे आहे. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीही ठरत नाही. सकाळची नाडी दोन-तीन आठवडे सतत वर सरकत असेल, तर चाचणी ठरल्या तारखेपेक्षा लवकर करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. प्रोप्रानोलॉल चालू असताना नाडी औषधामुळेच मंद राहते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र नाडी अनियमित वाटत असेल, म्हणजे मधूनच ठोके चुकत किंवा विस्कळीत पडत असतील, तर ते आठवडे मोजत बसण्याचे प्रकरण नाही. संप्रेरके वाढलेली असताना हृदयाची एट्रियल फिब्रिलेशन ही अनियमितता उद्भवू शकते, विशेषतः उतारवयात. त्यासाठी लगेच ईसीजी काढावा.

चाचणीविषयीही थोडे लिहितो. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यावे, कारण फ्री टी४ आणि फ्री टी३ यांच्या मर्यादा पद्धतीनुसार बदलतात आणि दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे फसवे ठरते. आणि केसांसाठी, नखांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असते, त्याची काळजी घ्यावी. चाचणीच्या काही पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटा जास्त दिसतो. अँटिबॉडीची चाचणीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे कागदावर हुबेहूब ग्रेव्हज उसळल्यासारखे चित्र उभे राहते. चाचणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन थांबवावे, आणि मात्रा फार मोठी असेल तर किती आधी थांबवायचे, ते विचारून घ्यावे.

रानवारा

मी गेले काही दिवस धागा वाचत आहे. माझा कल शक्य तितक्या नैसर्गिक मार्गाने जाण्याकडे आहे. गोळीची मात्रा उतरवताना तिच्या जागी समुद्री शेवाळाची पूरके, अश्वगंधा किंवा सेलेनियम घेऊन औषध लवकर सोडता येते, असे एका ठिकाणी वाचले. यावर जाणकारांचे काय मत आहे?

दूरचा_दिवा

रानवारा, आपला कल मी समजू शकतो. कोणालाही आयुष्यभर गोळी नको असते. परंतु आपण नमूद केलेल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन या आजारात अपाय करू शकतात, म्हणून स्पष्टपणे लिहितो.

समुद्री शेवाळात आयोडीनचे प्रमाण फार मोठे आणि अनिश्चित असते. आयोडीन हा थायरॉईड संप्रेरकाचा कच्चा माल आहे. अतिक्रियाशील ग्रंथीला तो अतिरिक्त मिळाला, तर आजार भडकू शकतो आणि औषधाचा प्रभाव उणा पडतो. रोजच्या जेवणातील आयोडीनयुक्त मीठ स्वतःहून बंद करण्याचे कारण नसते, मात्र आयोडीनची पूरके घेऊ नयेत. आणि सीटी स्कॅनसाठी आयोडीनयुक्त द्रव्य टोचण्याची वेळ आली, तर आपल्या आजाराची कल्पना तेथील डॉक्टरांना आधी द्यावी. अश्वगंधेने थायरॉईड संप्रेरके वाढल्याच्या आणि त्यातून अतिक्रियाशीलतेची लक्षणे उद्भवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, तेव्हा या आजारात तिच्यापासून दूर राहावे.

सेलेनियमची गोष्ट वेगळी आहे. ग्रेव्हजमुळे डोळ्यांना सौम्य त्रास असेल, तर सहा महिने सेलेनियम घेतल्याने काही रुग्णांना लाभ झाल्याचे युरोपातील एका चाचणीत, २०११ मध्ये, दिसून आले. ती मात्रा दिवसाला एकूण २०० मायक्रोग्रॅम होती. म्हणून डोळ्यांसाठी, मर्यादित काळ, डॉक्टरांच्या सल्ल्याने ते दिले जाते. कार्बिमाझोलची जागा ते घेऊ शकत नाही, आणि अतिरेक झाल्यास केस गळणे, नखे ठिसूळ होणे अशी विषारी लक्षणेही उद्भवतात.

आपण नियंत्रणात नसलेल्या अवस्थेत गोळी अचानक सोडली आणि त्याच सुमारास मोठा संसर्ग किंवा शस्त्रक्रिया झाली, तर थायरॉईड स्टॉर्म ही जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. ती विरळ आहे. पण खूप ताप, अतिवेगवान नाडी, उलट्या-जुलाब आणि भ्रमिष्टपणा अशी लक्षणे एकत्र दिसली, तर रुग्णाला थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे.

रानवारा

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. अश्वगंधेबद्दल हे मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीही बदलणार नाही.

सांजफूल

मी परिचारिका आहे. येथे मात्रा कमी करण्याबद्दल पुष्कळ उत्तम लिहिले गेले आहे. औषधाच्या दुष्परिणामांचा उल्लेख मात्र राहून गेला आहे, म्हणून लिहिते.

कार्बिमाझोल, मेथिमाझोल आणि प्रॉपिलथायोयुरॅसिल या थायरॉईडला आवर घालणाऱ्या तिन्ही औषधांमुळे क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. हे हजारात दोन ते पाच रुग्णांच्या आसपास होते, आणि बहुतांश वेळा उपचारांच्या पहिल्या तीन महिन्यांत. ताप, घसा तीव्र दुखणे किंवा तोंडात व्रण येणे ही त्याची चिन्हे आहेत. असे झाले तर पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी रक्तपेशींची तपासणी करून डॉक्टरांना दाखवावे. ‘साधा घसाच तर आहे, दोन दिवस पाहू’ असे म्हणण्याची ही जागा नाही. मात्रा कमी झाली म्हणजे हा धोका संपला, असेही समजू नये. विशेषतः ज्यांचा आजार परत येतो आणि जे काही काळानंतर गोळी पुन्हा सुरू करतात, त्यांनी पहिले तीन महिने नव्याने मोजावेत. पूर्वी काही झाले नव्हते, एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

लघवीचा रंग गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, शौचाचा रंग फिकट होणे आणि अंगाला फार खाज सुटणे ही यकृताला अपाय झाल्याची चिन्हे असू शकतात. प्रॉपिलथायोयुरॅसिलमुळे यकृत गंभीररीत्या निकामी होण्याचा धोका असल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापण्यास सांगितले, आणि म्हणूनच ते आता सहसा पहिल्या पसंतीचे औषध नसते. कार्बिमाझोलमुळे क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. पोटात वरच्या भागात असह्य कळ आली, तर तेही लक्षात असावे. सौम्य पुरळ किंवा खाज पुष्कळांना येते आणि तिच्यावर उपाय करता येतो, पण तीही सांगावी.

हे वाचून कोणी भिऊन गोळी सोडू नये. उपचार न झालेली अतिक्रियाशीलता हृदयाला आणि हाडांना जी हानी करते, ती या विरळ दुष्परिणामांपेक्षा कितीतरी अधिक सामान्य आहे.

शेवंती

सांजफूल, ही माहिती मला गोळ्या सुरू होताना मिळायला हवी होती. मी ती कागदावर लिहून औषधांच्या डब्याला चिकटवली आहे. घरातल्यांनाही वाचून दाखवली.

ओलीवाट

मला गोळीची मात्रा कमी करण्यामागे एक निराळे कारण आहे. आम्हाला मूल हवे आहे. मी सध्या कार्बिमाझोल ५ मिलिग्रॅमवर स्थिर आहे. गोळी पूर्ण सुटेपर्यंत थांबावे, की याच मात्रेवर गर्भधारणेचा विचार करता येतो?

सांजफूल

ओलीवाट, आपण हा प्रश्न गर्भधारणेच्या आधी विचारत आहात, ही अत्यंत चांगली गोष्ट आहे. कार्बिमाझोल आणि मेथिमाझोल गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत घेतल्यास बाळात जन्मजात दोष उद्भवण्याचा धोका असतो, म्हणून या औषधांवर असताना खात्रीशीर गर्भनिरोधन सांगितले जाते. दुसऱ्या बाजूला, आईची अतिक्रियाशीलता नियंत्रणाबाहेर राहिली तर गर्भपात, अकाली प्रसूती आणि रक्तदाबाचे विकार यांचा धोका वाढतो. त्यामुळे ‘मूल हवे आहे म्हणून मीच गोळी थांबवली’ हा मार्ग धोक्याचा आहे.

आपल्या डॉक्टरांसमोर साधारणपणे तीन पर्याय असतील. अँटिबॉडी निगेटिव्ह असेल आणि एवढ्या थोड्या मात्रेवर पातळी पुष्कळ काळ स्थिर असेल, तर गोळी थांबवून, तपासण्या करत, स्थिरता पाहून पुढे जाता येते. औषध लागणारच असेल, तर गर्भधारणेच्या आधी किंवा ती कळताच प्रॉपिलथायोयुरॅसिलवर बदलता येते, कारण पहिल्या तिमाहीत तेच पसंत केले जाते. आणि आजार वारंवार उसळणारा असेल, तर आधी शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन असा कायमचा उपाय करून मग गर्भधारणा, असाही विचार होतो; किरणोत्सारी आयोडीननंतर मात्र किमान सहा महिने थांबावे लागते. मासिक पाळी चुकल्याबरोबर चाचणी करावी आणि पॉझिटिव्ह आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा, कारण जो काळ नाजूक असतो, तो सहाव्या ते दहाव्या आठवड्याचा.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात ग्रेव्हज पुष्कळदा आपोआप शांत होतो आणि मात्रा आणखी कमी करता येते, कधी थांबवताही येते. प्रसूतीनंतर मात्र तो उसळण्याची शक्यता असते. म्हणून प्रसूतीनंतरच्या तपासण्यांच्या तारखा आधीच ठरवून ठेवाव्यात. बाळाच्या गडबडीत आईच्या चाचण्या मागे पडतात, हे मी नेहमी पाहते.

ओलीवाट

मनापासून आभार. माझ्या मागच्या अँटिबॉडी चाचणीला बराच काळ झाला आहे. पुढच्या भेटीत तीच आधी मागेन आणि तोवर गर्भनिरोधन चालू ठेवेन.

कातरवेळ

सर्वांचे आभार. माझा नवा रिपोर्ट आला आहे. फ्री टी४ आणि फ्री टी३ दोन्ही मर्यादेच्या मध्यावर आहेत आणि टीएसएच प्रथमच हलला आहे, तो ०.०८ झाला आहे. म्हणजे धडधड चालू असतानाही थायरॉईड नियंत्रणातच होते. डॉक्टरांनी कार्बिमाझोल १० वर तसेच ठेवले आहे आणि सध्या केवळ प्रोप्रानोलॉल उतरवायचे ठरवले आहे. ते एकदम का थांबवत नाहीत, एवढे विचारायचे राहून गेले. आणि वजन थोडे वाढू लागले आहे, त्याचे काय करावे?

सांजफूल

कातरवेळ, रिपोर्ट वाचून आनंद झाला. प्रोप्रानोलॉल बराच काळ घेतल्यावर शरीर अ‍ॅड्रेनालिनला अधिक संवेदनशील झालेले असते. ते एकाएकी थांबवले तर काही दिवस नाडी आणि रक्तदाब उसळतात, आणि ज्यांना हृदयाचा विकार आहे त्यांना छातीत दुखूही शकते. म्हणून ते काही दिवसांच्या अंतराने थोडेथोडे उतरवतात. त्या काळात थोडी धडधड जाणवली, तर ती कार्बिमाझोलमुळे आहे असे समजू नये.

वजनाविषयी सांगायचे तर, आजारात उतरलेले वजन परत येणे हे बरे होण्याचाच भाग आहे. मांड्यांचे गेलेले स्नायूही त्यातूनच भरून येतात. आजारात वाढलेली भूक मात्र काही काळ तशीच राहते, तर शरीराचा खर्च आधीच कमी झालेला असतो, म्हणून जेवणाचे प्रमाण आताच पाहावे. स्नायूंसाठी हलके ताकदीचे व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करता येतील. वजन फारच झपाट्याने वाढले, थंडी वाजू लागली किंवा पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता फ्री टी४ तपासून घ्यावे. कदाचित १० मिलिग्रॅमही आपल्याला आता जास्त होत असेल.

कातरवेळ

रात्री पोटऱ्यांत गोळे येतात खरे, परंतु ते थकव्याचे असतील असे मी धरले होते. उद्याच डॉक्टरांना कळवते आणि चाचणी लवकर करता येईल का ते पाहते. रिपोर्ट आला की येथेच लिहीन.